जास्तीचा एक विजय

"दाजी, अहो काय चाललंय हे? हरा म्हणावं यांना, हरा!"

फोन स्पीकरवर टाकून सोफ्याच्या हातावर ठेवलेला आणि त्यातून माझा मेहुणा असा ओरडत होता. २० डिसेंबर २०२० चा रविवार, न्यू जर्सीत एडिसनला आमच्या घराचं बेसमेंट, टीव्हीसमोर मी आणि माझा चौदा वर्षांचा मुलगा. मेहुणा राहतो गाडीने वीस मिनिटांवर, पण कोविडमुळे मार्चपासून एकमेकांकडे जाणं बंदच होतं, म्हणून दर रविवारची मॅच अशी फोनवर एकत्र बघायची सवय लागलेली. अमेरिकन फुटबॉलमधले न्यू यॉर्क जेट्स त्या सीझनला १३ मॅच खेळले होते आणि १३ च्या १३ हरले होते. समोर लॉस एंजेलिस रॅम्स, ९ जिंकलेले आणि ४ हरलेले, त्यांचं घरचं नवंकोरं स्टेडियम, आत प्रेक्षक एकही नाही. आणि हाफटाइमला स्कोअर होता जेट्स १३, रॅम्स ३.

मुलगा उड्या मारत होता. तो जेट्सवाला. पहिलीत असल्यापासून रविवारी हिरवी जर्सी घालून बसतो, आणि त्याच्याबरोबर बसून बसून मीही जेट्सवाला झालो. नाहीतर सांगलीतून इकडे आलो तेव्हा मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, दर दहा सेकंदांनी सगळे थांबतात का हेच समजायला एक वर्ष गेलं. मेहुणा माझ्या आधी आला, तो जायंट्सवाला. दोन्ही टीमच्या नावात न्यू यॉर्क आहे पण दोघी खेळतात आमच्या न्यू जर्सीतच, ईस्ट रदरफर्डच्या एकाच मेटलाइफ स्टेडियममध्ये, एक आठवडा हे आणि एक आठवडा ते. मेहुण्याचं म्हणणं असं की भाच्याची टीम म्हणजे जेट्सचं भलं मलाही हवंय, आणि जेट्सचं भलं आज हरण्यातच आहे.

आणि मी, जे आज इतक्या वर्षांनी लिहिताना पण जड जातंय, मी मुलाला म्हणालो, "अरे थांब, एवढा खूश नको होऊस. जिंकलो तर लॉरेन्स जाईल."

तो बसला खाली. काही बोलला नाही. मांडीवर उशी घेऊन बसला नुसता.

हा लॉरेन्स कोण आणि तो का जाईल, हे ज्यांना अमेरिकन फुटबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं, कारण सगळं भांडण तिथेच आहे. या लीगमध्ये ३२ टीम आहेत आणि कोणीही कधीच खालच्या डिव्हिजनमध्ये जात नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये शेवटच्या तीन टीम खाली ढकलल्या जातात, म्हणून एप्रिल-मेमध्ये तळाच्या टीम जिवाच्या आकांताने खेळतात. इथे उलटं आहे. कॉलेजमधून येणारी नवी मुलं टीमनी कोणत्या क्रमाने घ्यायची त्याला ड्राफ्ट म्हणतात, आणि जो सगळ्यात जास्त हरला त्याला पहिली निवड मिळते. आपल्या आयपीएलमध्ये लिलाव असतो, ज्याच्याकडे पैसे तो घेईल, शेवटचा आला म्हणून कोणी काही जास्तीचं देत नाही. इथे शेवटचं येण्याला बक्षीस आहे.

आणि २०२१ च्या ड्राफ्टमध्ये बक्षीस होतं ट्रेव्हर लॉरेन्स. क्लेम्सनचा क्वार्टरबॅक, साडेसहा फूट उंच, खांद्यापर्यंत केस, कॉलेजच्या पहिल्याच वर्षी, जानेवारी २०१९ मध्ये, अलाबामाला ४४-१६ हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलेलं. असा पोरगा बऱ्याच वर्षांतून एकदा येतो असं सगळेच म्हणत होते. क्वार्टरबॅक म्हणजे टीमचा मेंदू आणि हात दोन्ही, तो चांगला मिळाला तर दहा-बारा वर्षं चिंता नाही, आणि २०११ पासून नव्या मुलांच्या पगारावर लीगने मर्यादा घातल्यामुळे पहिली चार वर्षं तो स्वस्तात मिळतो, उरलेल्या पैशांत बाकीची टीम उभी करता येते. २०१० मध्ये पहिल्या नंबरवर आलेल्या सॅम ब्रॅडफर्डशी सहा वर्षांचा ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार झाला होता, पुढच्याच वर्षी कॅम न्यूटनशी झाला चार वर्षांचा, साधारण २ कोटी २० लाखांचा. एवढा फरक. म्हणजे मेहुण्याचं गणित चुकीचं मुळीच नव्हतं. जेट्स शेवटचे प्लेऑफमध्ये गेले होते २०१० च्या सीझनला, त्यानंतर एकदाही नाही. आपण ना धड वर ना धड खाली असे दरवर्षी लटकत राहण्यापेक्षा एकदा पुरते बुडू, आणि तळ गाठून वर येऊ, हे त्याचं म्हणणं. माझंही तेव्हा तेच होतं.

हरण्याची अशी सवय लागलेली की त्याच्या दोनच आठवडे आधी, ६ डिसेंबरला, एक मॅच जवळजवळ जिंकून हरलो तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला होता. रेडर्सविरुद्ध जेट्स २८-२४ पुढे, १३ सेकंद उरलेले, रेडर्सना टचडाऊनच पाहिजे, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपलीकडे न्यायलाच हवा, अशा वेळी कुठलाही कोच सगळे खेळाडू मागे ठेवतो. जेट्सच्या डिफेन्सचे कोच ग्रेग विल्यम्स यांनी जवळजवळ सगळे पुढे धाडले, मागे राखणीला कोणीच नाही, आणि डेरेक कारने ४६ यार्डांचा पास टाकून मॅच ३१-२८ अशी फिरवली. दुसऱ्या दिवशी विल्यम्सना काढून टाकलं. त्या पाच मिनिटांत मुलगा रडायच्या बेताला आला होता आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, वाचलो.

तर रॅम्सची मॅच. सेकंड हाफमध्ये रॅम्स परत येत होते, मेहुणा फोनवर त्यांना प्रोत्साहन देत होता, मी गप्प बसून दोन्ही बाजूंनी घाबरत होतो. २३-२० पर्यंत आले ते. आणि शेवटी जेट्सकडे बॉल असताना एक फर्स्ट डाऊन मिळाला, म्हणजे बॉल ठरलेले दहा यार्ड पुढे गेला, की वेळ संपवता येणार होती, तेव्हा जेट्सचा क्वार्टरबॅक सॅम डार्नल्डने छोटासा पास टाकला आणि तो पकडला फ्रँक गोरने.

फ्रँक गोरबद्दल मला थांबून लिहायचंय. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन धावणारा. या खेळात रनिंग बॅकचं शरीर सगळ्यात जास्त मार खातं, दर वेळी दीडशे किलोची माणसं अंगावर पडतात, तिशीच्या आत बहुतेकांचं संपतं. गोर २००५ मध्ये लीगमध्ये आला, म्हणजे माझ्या मुलाच्या जन्माआधी. कॉलेजात असताना दोन्ही गुडघ्यांचे लिगामेंट तुटलेले, त्यामुळे ड्राफ्टमध्ये तिसऱ्या राऊंडपर्यंत त्याला कोणी घेतलं नाही. आणि तो सोळा सीझन खेळला. त्या रविवारी एक टचडाऊन त्याने केला होता आणि मॅच संपवणारा तो पास पण त्यानेच पकडला. मॅचनंतर तो जे बोलला त्याचा आशय एवढाच होता की हे कदाचित माझं शेवटचं वर्ष आहे आणि मला एकही मॅच न जिंकता जायचं नव्हतं. आणि खरंच ते त्याचं शेवटचं वर्ष ठरलं. करिअर संपलं तेव्हा त्याच्या नावावर धावलेले यार्ड होते बरोबर सोळा हजार, त्याच्या पुढे इतिहासात फक्त दोन माणसं.

आता मला सांगा, या माणसाला लॉरेन्सचं काय? लॉरेन्स येईल, टीम बांधली जाईल, चार वर्षांनी प्लेऑफ खेळेल, त्यात गोर कुठे असणार होता? आणि एकटा गोर नाही. एका टीममध्ये ५३ जण असतात, त्यातल्या निम्म्याअधिक लोकांना पुढच्या वर्षी नोकरी आहे की नाही हे माहीत नसतं, करारातले पुढचे पैसे बहुतेक वेळा पक्के नसतात, आज खेळला तो व्हिडिओच उद्याचा बायोडेटा. डिसेंबरमध्ये ० जिंकलेल्या टीमच्या माणसाने ढिलं खेळायचं म्हणजे स्वतःच्या जागेवर येणाऱ्या पोरासाठी स्वतःच जागा खाली करून द्यायची. म्हणून मैदानावरचे खेळाडू जाणूनबुजून हरत नाहीत. हरवायचं असेल तर वरच्या मजल्यावरून हरवतात, चांगले खेळाडू विकून, कच्च्या पोरांना उतरवून. आणि आम्ही सोफ्यावरचे लोक त्या वरच्या मजल्यावरच्या माणसांसारखा विचार करायला शिकलोय, टीमचे मालक असल्यासारखा, आमच्या खिशात एक टक्का शेअर नसताना.

मॅच संपली तेव्हा मुलगा उठला, टीव्हीकडे एकदा बघितलं आणि मला विचारलं, "बाबा, आता मी खूश होऊ का?"

खरंच विचारलं त्याने. परवानगी मागितल्यासारखं. चिडून नाही.

मी हो म्हणालो. पण उशीर झाला होता, त्या आनंदाची एक वेळ असते आणि ती वेळ मी गणित करण्यात घालवली होती.

पुढचं गणित मेहुण्याने भाकीत केलं तसंच झालं. जॅक्सनव्हिल जॅग्वार्सनी सीझनची पहिलीच मॅच कोल्ट्सविरुद्ध २७-२० जिंकली होती आणि त्यानंतर एकही नाही. म्हणजे आता दोघेही १-१३. बरोबरी झाली तर ज्याचे प्रतिस्पर्धी कमकुवत त्याला आधी निवड, आणि त्यात जॅग्वार्स वर. पुढच्या रविवारी जेट्सनी क्लीव्हलँड ब्राऊन्सना पण हरवलं, २३-१६, त्यांचे मुख्य रिसीव्हर, म्हणजे पास पकडणारे, कोविडच्या संपर्कामुळे घरी बसलेले, आणि त्याच दिवशी जॅग्वार्स शिकागोकडून ४१-१७ हरले. संपलं. जेट्स २-१४, जॅग्वार्स १-१५, लॉरेन्स फ्लोरिडाला. दोन विजय, दोन्ही नको असलेले, असं सगळे म्हणत होते.

आणि मग आली ३ जानेवारी २०२१ ची रात्र, जिच्यामुळे हा लेख मी कधीतरी लिहिणार हे ठरलं होतं.

त्या दिवशी जायंट्सची शेवटची मॅच. त्यांचा सीझन पण वाईटच, पण त्यांच्या ग्रुपमधल्या चारही टीम इतक्या वाईट होत्या की सहा जिंकून दहा हरलेली टीम सुद्धा ग्रुपमध्ये पहिली येऊन प्लेऑफला जाऊ शकत होती. दुपारी जायंट्सनी डॅलसला २३-१९ हरवलं. आता एकच अट, रात्रीच्या मॅचमध्ये फिलाडेल्फिया ईगल्सनी वॉशिंग्टनला हरवायचं. ईगल्स बाहेर पडलेले होते, त्यांना जिंकून काहीच मिळणार नव्हतं, उलट जिंकले तर ड्राफ्टमध्ये नववे आणि हरले तर सहावे. मेहुणा पाच वाजल्यापासून जायंट्सची निळी टोपी घालून बसला होता, व्हिडिओ कॉलवर दाखवली. बारा वर्षांच्या लेकीला, माझ्या भाचीला, पण जागं ठेवलेलं.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये ईगल्स १७-१४ मागे असताना किक मारून फील्ड गोलचे तीन पॉइंट घेऊन बरोबरी करायची सोडून कोच डग पीडरसननी चौथ्या डाऊनला, म्हणजे शेवटच्या संधीला, टचडाऊनसाठी प्रयत्न केला, नाही झाला. ठीक आहे, धाडस म्हणू. पण चौथा क्वार्टर सुरू झाला आणि जेलन हर्ट्स, त्यांचा तरुण क्वार्टरबॅक, बाहेर. त्याच्या जागी आला तिसऱ्या नंबरचा नेट सडफेल्ड, जो त्या अख्ख्या सीझनमध्ये खेळला नव्हता. त्याने एक पास समोरच्यांना दिला, एकदा बॉल हातातून सोडला. वॉशिंग्टन २०-१४ जिंकलं. पीडरसन म्हणाले की मी जिंकायलाच बघत होतो, सडफेल्डला थोडं खेळायला द्यायचं आधीच ठरलं होतं. जायंट्सचे कोच जो जज दुसऱ्या दिवशी पत्रकारांसमोर जे बोलले ते इथे अजून लोकांच्या लक्षात आहे, की खेळाडूंनी एवढा त्याग केल्यावर साठ मिनिटं जीव तोडून न खेळणं हा खेळाचा अपमान आहे.

मेहुण्याचा फोन आला तेव्हा साडेअकरा वाजले होते. "दाजी, हा खेळ आहे का? लाज नाही वाटत यांना? पोरं टीव्हीसमोर बसलीत, आणि हे मुद्दाम हरतात? ड्राफ्टसाठी?" आवाज कापत होता त्याचा. भाची मागे रडत होती ते ऐकू येत होतं.

मी त्याला त्या रात्री काही आठवण करून दिली नाही. दोन आठवड्यांपूर्वी स्पीकरवरून "हरा म्हणावं यांना" म्हणणारा हाच आवाज होता आणि त्याला हो म्हणणारा मी होतो. पण तेव्हा ते बोलणं म्हणजे जखमेवर मीठ. मी फक्त ऐकून घेतलं. आणि झोपताना माझ्या डोक्यात एकच, की आपल्या टीमने हरावं असं म्हणतो तेव्हा समोर टीव्हीवर दुसऱ्या कुणाचा तरी मेहुणा निळी टोपी घालून बसलेला असतो. त्या मॅचचा निकाल आपल्या एकट्याचा नसतो. वॉशिंग्टनकडून त्या रात्री ॲलेक्स स्मिथ खेळत होता, २०१८ मध्ये ज्याचा पाय असा मोडला होता की पाय कापावा लागेल म्हणत होते, सतरा ऑपरेशन झालेली. त्याने त्या पायावर उभं राहून टीमला प्लेऑफमध्ये नेलं, आणि तरी लोक त्या मॅचला ओळखतात सडफेल्डच्या नावाने. त्याचं पण काहीतरी हिरावून घेतलंच की.

ही पद्धत सुरू कुठून झाली तेही फिलाडेल्फियाच. ईगल्सचेच मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये ही कल्पना मांडली, कारण श्रीमंत टीम सगळे चांगले पोर उचलायच्या आणि त्यांची टीम मागेच राहायची. गरिबाला पण आशा पाहिजे हा विचार, आणि तो चांगलाच होता. फेब्रुवारी १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला तो पण फिलाडेल्फियातच. पहिला निवडला गेलेला जे बर्वँगर, कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइस्मन ट्रॉफीचा पहिला मानकरी. तो या लीगमध्ये एकही मॅच खेळला नाही. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं का कोण जाणे, की पहिल्याच बक्षिसाने सांगून टाकलं होतं, हातात आल्याशिवाय काही खरं नाही.

मग पुढे काय झालं ते बघा, कारण मेहुणा अजून याच्यावर वाद घालतो. ईगल्सनी ती सहावी निवड मायामीला दिली, त्याबदल्यात बारावी आणि पुढच्या वर्षीची पहिल्या राऊंडची घेतली, मग बाराव्यावरून डॅलसशी सौदा करून दहाव्यावर आले आणि डेव्हॉन्टा स्मिथला उचललं. अकरावर कोण होतं? जायंट्स. म्हणजे ज्यांचे प्लेऑफ घालवले त्यांच्याच नाकासमोरून पोरगा नेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्सनी कॅन्सस सिटीला ४०-२२ हरवून सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकला, त्यात हर्ट्सने टाकलेला ४६ यार्डांचा टचडाऊन पास पकडणारा हाच स्मिथ. म्हणजे हरल्याचा फायदा झाला की नाही? झाला. मी हे नाकारत नाही, नाकारलं तर खोटं होईल. पण ज्यांनी तो निर्णय घेतला त्या पीडरसनना आठच दिवसांत काढून टाकलं होतं, आणि ते पुढे कुठे गेले तर जॅक्सनव्हिलला, लॉरेन्सचे कोच म्हणून. जानेवारी २०२३ मध्ये त्यांच्या टीमने २७-० मागे असताना चार्जर्सविरुद्धची प्लेऑफ मॅच ३१-३० जिंकली. तेव्हा आम्ही बापलेक ती मॅच बघत होतो आणि मुलगा शांतपणे म्हणाला, हा आपला असता. मी म्हटलं, हो. त्याला वाईट वाटलं असेल पण तो त्या रॅम्सच्या मॅचला कधीच वाईट म्हणत नाही. मी म्हणायचो.

जेट्सनी दुसऱ्या नंबरवर घेतला झॅक विल्सन, तीन वर्षांत त्याला डेनव्हरला देऊन टाकलं. त्या ड्राफ्टमध्ये पहिल्या पंधरांत पाच क्वार्टरबॅक गेले होते, सॅन फ्रान्सिस्कोने तर तिसऱ्या नंबरच्या ट्रे लान्ससाठी पहिल्या राऊंडच्या निवडी ओतल्या, आणि त्यांना शेवटी क्वार्टरबॅक मिळाला तो पुढच्या वर्षीचा अगदी शेवटचा, २६२ वा, ब्रॉक पर्डी. ज्या डार्नल्डला विल्सनसाठी जेट्सनी घालवलं त्याने २०२४ मध्ये मिनेसोटाला १४ मॅच जिंकून दिल्या. तो स्वतः जेट्सना मिळाला होता २०१८ च्या तिसऱ्या निवडीत, आणि त्याच ड्राफ्टमध्ये त्याच्या एक नंबर आधी जायंट्सनी घेतला होता सॅकॉन बार्कली, जो २०२४ मध्ये ईगल्सकडून २००५ यार्ड धावला. आमच्या स्टेडियमच्या दोन्ही टीमना वरच्या निवडी मिळालेल्या होत्या, मुलं पण चांगलीच निवडली होती. फळं दुसऱ्याच्या अंगणात पडली. कारण माळी बदलत राहिले, कोच बदलले, पद्धत बदलली, मुलाला मोठं व्हायला जी चार वर्षं लागतात ती दिली नाहीत. हे मेहुण्याला पटतं, पण तो म्हणतो दाजी, तरी झाड तर हवं ना आधी.

ह्यूस्टनचं उदाहरण मी त्याला नेहमी देतो. ८ जानेवारी २०२३, सीझनची शेवटची मॅच, हरले तर पहिली निवड पक्की. चौथ्या डाऊनला २० यार्ड हवे असताना टचडाऊन, मग दोन पॉइंटची धडक, ३२-३१ जिंकले. त्याच रात्री कोच लव्ही स्मिथना काढलं. पहिली निवड गेली. आणि दुसऱ्या निवडीत त्यांना मिळाला सी. जे. स्ट्राऊड, जो वर्षभरात टीमला प्लेऑफमध्ये घेऊन गेला आणि तिथे एक मॅच जिंकली पण. पण याच्यावरून जिंकणंच फायद्याचं असं सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. इंडियानापोलिस २०११ मध्ये १४ हरून अँड्र्यू लकला घेऊन आलं तेव्हा त्यांचं सोनंच झालं होतं, आणि तो २९ व्या वर्षी दुखापतींना कंटाळून निवृत्त झाला. कुठलंही उदाहरण काढा, समोरचा उलटं काढतो. म्हणून मी हल्ली फायद्यातोट्याच्या बाजूने बोलतच नाही.

मी एवढंच म्हणतो की माझ्याकडे काय आहे? टीम माझी नाही, खेळाडू माझे नाहीत, ड्राफ्टच्या दिवशी मला कोणी फोन करून विचारणार नाही. माझ्याकडे वर्षाचे १७ रविवार आहेत, प्रत्येकी तीन तास. त्यात शेजारी बसलेलं एक मूल, जे चौदाचं असतं आणि मग नसतं. सप्टेंबरमध्ये ते तीन तास आपण मन लावून बघतो आणि डिसेंबरमध्ये आपल्याच माणसाच्या हातून बॉल सुटावा म्हणून देव पाण्यात घालतो, तर ते तीन तास पण गेले. आणि ज्या भविष्यासाठी घालवले ते येईल तेव्हा मूल कॉलेजला गेलेलं असेल. आमचं गेलंच.

१९९९ च्या वर्ल्ड कपला ओल्ड ट्रॅफर्डवर ऑस्ट्रेलियाने वेस्ट इंडीजविरुद्ध १११ रन करायला चाळीसच्या वर ओव्हर घेतल्या होत्या, न्यूझीलंड बाहेर जावं म्हणून. नियमात बसत होतं सगळं. मी तेव्हा सांगलीत हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये होतो, पोरं शिट्ट्या मारत उठून गेली, आणि ऑस्ट्रेलिया पुढे वर्ल्ड कप जिंकला तरी त्या संध्याकाळची ती उठून गेलेली रिकामी रूम माझ्या लक्षात राहिली.

२९ डिसेंबर २०२४. मुलगा कॉलेजमधून सुट्टीला आलेला, मेहुण्याच्या ऑफिसमधून जायंट्स विरुद्ध कोल्ट्सची तिकिटं मिळाली, आम्ही तिघे गाडीने निघालो. जायंट्स २-१३, सलग दहा हरलेले, त्या सीझनला घरच्या मैदानावर एकही मॅच जिंकलेली नाही, क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सला नोव्हेंबरमध्येच सोडून दिलेलं. हरले तर पहिली निवड जवळपास हातात. टर्नपाइकवर मेहुणा पूर्ण रस्ताभर तेच सांगत होता, कॉलेजचा क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड कसा, त्याचा हात कसा, आज शांतपणे हरायचं आणि घरी जायचं. मुलगा मागच्या सीटवरून म्हणाला, "मामा, मग आपण जातोय कशाला?" मेहुणा म्हणाला, बघायला. मुलगा म्हणाला, काय बघायला?

मेहुणा गप्प झाला.

स्टेडियम अर्धवट भरलेलं, आमच्या रांगेत पुढे एक आजोबा त्यांच्या नातीला घेऊन आलेले. पहिल्या हाफमध्ये जायंट्स चांगलंच खेळत होते, मलिक नेबर्स नावाचा पहिल्याच वर्षाचा रिसीव्हर असा पळत होता की कोल्ट्सना तो सापडतच नव्हता. मेहुणा हाताची घडी घालून बसलेला. मी त्याच्याकडे बघत होतो, मॅचकडे कमी. मग सेकंड हाफची पहिलीच किक, कोल्ट्सनी मारलेली, इहमिर स्मिथ-मार्सेटने अगदी मागच्या टोकाला पकडली आणि निघाला. वीस, तीस, चाळीस, एका बाजूची भिंत फुटली आणि समोर मोकळं मैदान, शंभर यार्ड, पूर्ण मैदान एका दमात. आणि माझ्या शेजारी मेहुणा उभा. खुर्चीवर. दोन्ही हात वर, तोंडातून शब्द पण येत नाही, नुसता आवाज, सांगलीच्या कुस्तीच्या मैदानात येतो तसा. माझ्या मुलाने त्याला कमरेला धरलेलं, पडेल म्हणून. पुढचे आजोबा वळून त्याच्या हातावर टाळी देत होते.

४५-३३ जिंकले जायंट्स. ड्रू लॉकने चार टचडाऊन पास टाकले, एक स्वतः धावून केला. पहिली निवड गेली, न्यू इंग्लंडकडे, आणि आठवड्याभरात त्यांनीही शेवटची मॅच जिंकून ती टेनेसीकडे घालवली, वॉर्ड तिकडे गेला. जायंट्सना तिसरी मिळाली. त्यात अब्दुल कार्टर आला.

परतताना गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. हीटर चालू, एक्झिटला नेहमीसारखी गर्दी. मला वाटलं मेहुणा आता निवडीचं सुरू करेल, वॉर्ड गेला, एक वर्ष परत गेलं. त्याने टोपी काढली, मांडीवर ठेवली, मागे वळून मुलाला म्हणाला, "त्या रिटर्नचा व्हिडिओ घेतलास का रे?"

मुलगा म्हणाला, "नाही मामा, मी तुला धरून होतो."

"बरं," मेहुणा म्हणाला, आणि परत पुढे बघायला लागला.